लोखंडी वाट आणि डोंगरातली रात्र: वाचकांचे प्रश्न, उत्तरं

मागच्या अंकात उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या आमच्या पाच दिवसांबद्दल लिहिलं होतं, व्हिया फेराटा म्हणजे तारेला धरून कातळ चढणं आणि रात्री डोंगरातल्या हटमध्ये मुक्काम. त्यावर बरीच पत्रं आली. काही पत्रांत प्रश्न तेच होते म्हणून ते एकत्र केलेत, आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथे उत्तर लांबलं तरी लांबू दिलंय.

ताई, व्हिया फेराटा म्हणजे नक्की काय? आणि एवढं लोखंड त्या डोंगरात लावलं कुणी? पहिल्या महायुद्धात सैनिकांनी लावलं असं वाचलं, खरं का?

अर्धं खरं आहे. व्हिया फेराटा हे इटालियन नाव, अर्थ सरळ, लोखंडी वाट. जर्मन बोलणारे तिला क्लेटरश्टाइग म्हणतात. कातळात ठोकलेले खुंटे, त्यांना बांधलेली जाड पोलादी तार, आणि जिथे पाय ठेवायला काहीच नाही तिथे लोखंडी पायऱ्या किंवा शिडी. आपण हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, लावलेले दोन कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या, त्या तारेत अडकवून चढत जायचं, म्हणजे ज्याला रोप टाकून क्लाइंबिंग येत नाही अशा माणसालाही उभ्या कड्यावर जाता येतं.

सुरुवात युद्धाच्या खूप आधीची. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखरावर १८४३ मध्येच लोखंडी खुंटे आणि दोर लावले होते. डोलोमाइट्समधल्या मार्मोलाडा शिखराच्या पश्चिम धारेवरची वाट १९०३ ची, तीही चढायची हौस म्हणूनच बांधलेली. मग मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि १९१७ च्या शरद ऋतूपर्यंत इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्य याच शिखरांवर समोरासमोर बसलं होतं, हिवाळ्यातसुद्धा. वरच्या चौक्यांना दाणागोटा आणि दारूगोळा पोचवायचा तर दोर, शिड्या, लाकडी जिने, बोगदे सगळं करावंच लागलं. युद्धानंतर अल्पाइन क्लबांनी त्यातल्या काही वाटा दुरुस्त केल्या, नवीन तारा ओढल्या. ब्रेंटा डोंगरांमधल्या बोकेत्तेच्या वाटेसारख्या काही मात्र युद्धाशी संबंध नसताना १९३० च्या दशकापासून मुद्दाम बांधल्या गेल्या. त्यामुळे तुम्ही ज्या तारेला धरता ती बहुतेक नवीच असते, पण वाट कधीकधी शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्यातरी पायाखालची असते.

हे मला लागाझुओई डोंगरातल्या बोगद्यात कळलं. वरच्या हटमधून सकाळी निघून आम्ही डोंगराच्या पोटातून खाली उतरलो. इटालियन सैनिकांनी ऑस्ट्रियन चौकीखाली सुरुंग लावायला हा बोगदा खणला आणि जून १९१७ मध्ये तो सुरुंग उडवला. हेल्मेट आणि हेडटॉर्च हवाच. आत पायऱ्या आहेत, ओल्या, निसरड्या, उंची एकसारखी नाही, बाजूला हाताला तार. मध्येच एका बाजूला भोक येतं, बंदुकीसाठी पाडलेला झरोका, त्यातून एकदम ऊन आत येतं आणि खाली फाल्झारेगो खिंडीतल्या मोटारी मुंगीएवढ्या दिसतात. मी त्या झरोक्याच्या कडेवर हात ठेवला तर कातळावर छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात. पुढे अर्धा तास आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही.

तीच गोष्ट पातेर्नो शिखराची. त्या वाटेचं नाव दे लुका–इनरकोफ्लर, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकेक नाव जोडलेलं. सेप्प इनरकोफ्लर हा सेक्स्टेन गावचा नामांकित गाइड, समोरचीच तीन शिखरांची हट तो चालवायचा, ४ जुलै १९१५ ला याच शिखरावर मारला गेला. ज्या डोंगरावर तो लोकांना हौसेने चढवायचा त्याच डोंगरावर.

मी आठ-दहा वर्षं सह्याद्रीत ट्रेक करतो, गडांवरच्या शिड्या, साखळ्या, कातळातल्या पायऱ्या सगळं चढलोय. घरी हार्नेस आहे, दोन स्लिंग आणि दोन लॉकचे कॅराबिनर आहेत. फेराटाचा वेगळा सेट घ्यायलाच हवा का? मित्राकडे जुना पडलाय, तो चालेल का?

स्लिंग, म्हणजे साधी शिवलेली पट्टी, अजिबात नको. हे उत्तर जरा लांब आहे पण पूर्ण वाचा.

तुमची सवय उपयोगाची आहेच, दृष्टिभय मेलेलं असणं ही मोठी गोष्ट. पण तिथे पडण्याचं गणित वेगळं आहे. नेहमीच्या क्लाइंबिंगमध्ये तुम्ही पडलात तर लांब रोप ताणला जातो आणि धक्का मुरतो. रोपची जेवढी लांबी बाहेर आहे तिच्या दुपटीपेक्षा जास्त पडणं होत नाही, म्हणजे फॉल फॅक्टर २ च्या वर जात नाही. फेराटावर तुमचे कॅराबिनर तारेवरून सरकत खाली येतात ते थेट खालच्या खुंट्यापर्यंत, तो तीन-चार मीटर खाली असेल तर तुम्ही तेवढं सगळं पडता आणि ते अडतं जेमतेम मीटरभर लांबीच्या पट्टीवर. फॅक्टर ५ च्याही वर जाऊ शकतो. साधी स्लिंग ताणली जात नाही, म्हणजे सगळा झटका एका क्षणात स्लिंगवर, कॅराबिनरवर आणि तुमच्या कमरेवर, आणि यातलं काहीतरी तुटतं.

म्हणून फेराटा सेटमध्ये ॲब्सॉर्बर असतो, छोट्या पाकिटात शिवून ठेवलेली पट्टी. पडलात की तिची शिवण टराटरा उसवत जाते आणि त्या उसवण्यात धक्का मुरतो. युरोपचं मानक ईएन ९५८ आहे, २०१७ मध्ये सुधारलं, त्यानुसार सेट ४० ते १२० किलोच्या माणसासाठी असतो आणि पट्टी जास्तीत जास्त २.२ मीटर उसवू शकते. आता बेरीज करा. खुंट्यापर्यंतचे तीन मीटर, हाताची लांबी, वर ही सव्वादोन मीटरची पट्टी. मधल्या लोखंडी पायरीवर किंवा खालच्या कपारीवर तुम्ही आपटू शकता, आणि कातळ सरळसोट नसेल तर आपटताच. सेट तुम्हाला दरीत जाऊ देत नाही, पण पाय, मनगट, बरगडी वाचेलच असं नाही. म्हणून तिकडचे लोक सांगतात की फेराटावर पडायचं नसतं, आणि सेट आहे म्हणून जी चाल एरवी केली नसती ती तिथेही करायची नाही.

मित्राच्या जुन्या सेटबद्दल. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रियात टिरोलमध्ये एकजण फेराटावर पडला आणि त्याच्या सेटचे दोन्ही लवचिक हात तुटले, तो वाचला नाही. वापरून वापरून आतली पट्टी झिजली होती. त्यानंतर अनेक कंपन्यांनी सेट परत मागवले आणि मानकात झिजलेल्या, ओल्या पट्टीच्या चाचण्या आल्या. तेव्हा कधी बनला, किती वापरला, कुणी त्यावर पडलं होतं का, हे ज्या सेटबद्दल माहीत नाही तो घेऊच नका. एकदा उसवलेला ॲब्सॉर्बर तर सरळ फेकायचा. एवढ्यासाठी विकत घ्यायचं नसेल तर डोलोमाइट्समधल्या गावांत सेट, हार्नेस, हेल्मेट भाड्याने मिळतं.

वापरायची पद्धत दहा मिनिटांत शिकाल. खुंटा आला की एक कॅराबिनर काढून पुढच्या तारेत, मग दुसरा, दोन्ही एकाच वेळी कधीच बाहेर नाहीत. दोन खुंट्यांमधल्या तुकड्यावर एकच माणूस, कारण वरचा पडला तर तो सरळ खालच्याच्या डोक्यावर येतो. वजन पायांवर ठेवा, तार ओढून चढलात तर अर्ध्या तासात दंड भरून येतात आणि हात थकला की पकड सुटते. दमलात तर एक आखूड स्लिंग आणि लॉकचा कॅराबिनर वेगळा ठेवा, पायरीला अडकवून लटकून विश्रांती घ्यायला. तुमची घरची स्लिंग तेवढ्या कामाला येईल. आणि हातमोजे घ्या, जुन्या तारेचे तुटलेले धागे सुईसारखे घुसतात.

पहिली फेराटा कुठली करावी? ए-बी-सी काय असतं?

ऑस्ट्रियन पद्धतीत ए सोपी, ई अतिशय अवघड, काही ठिकाणी त्यापुढे एफही लावतात. बी पर्यंत फिट ट्रेकरला जमतं, सी ला हातात ताकद लागते, डी म्हणजे तार बाहेर कलणाऱ्या कातळावरून जाते आणि तिथे नवशिक्याचं काम नाही. एक लक्षात ठेवा, ही अक्षरं फक्त सगळ्यात अवघड तुकडा सांगतात. वाट किती लांब आहे, खाली उतरताना घसारा किती आहे, उन्हात किती तास जातील हे त्यात येत नाही.

पहिल्या दिवशी गार्देना खिंडीवरचं ग्रान चीर घ्या, खिंड २१२१ मीटरवर आणि शिखर २५९२, तारा थोड्याच, चालणं जास्त. नाहीतर आवेराऊ, छोटीशी आहे पण उभी आहे, आपल्याला हे आवडतंय का ते तिथे कळतं. मग पातेर्नो, त्यात बोगदे आहेत म्हणून टॉर्च विसरू नका. त्रिदेन्तिना सगळ्यांना करायची असते, शेवटी झुलता पूल आहे आणि फोटो छान येतात, पण उंच आहे, लांब आहे, आणि ऑगस्टमध्ये तारेवर रांग लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करा, आणि सकाळी लवकर.

नकाशा बघताना गोंधळू नका, तिथे इटालियन, जर्मन आणि लाडिन अशा तीन भाषा आहेत, एकाच शिखराला दोन-तीन नावं. पातेर्नो आणि पातेर्नकोफेल एकच, त्रे चीमे आणि द्राय त्सिनेन, म्हणजे ती तीन शिखरं, एकच. ताबाक्को कंपनीचे १:२५००० चे नकाशे चांगले, त्यात तारेच्या वाटा वेगळ्या खुणेने दाखवतात.

दुपारी वीज पडते म्हणे. ॲपवर तर दिवसभर ऊन दाखवतं. मग नक्की काय बघायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सकाळ स्वच्छ असते आणि दुपारी ढग चढतात, हे इतकं नेहमीचं आहे की त्याला अंदाजच लागत नाही. दरी तापते, हवा वर जाते, दोनच्या सुमाराला गडगडाट. आणि तुम्ही उभे असता शेकडो मीटर लांब पोलादी तारेवर.

माझ्याकडून एकदा चूक झाली ती सांगते. आदल्या संध्याकाळी हट चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं, उद्या बारापर्यंत तारेवरून बाहेर पडा. आम्ही मान डोलावली. सकाळी नाश्त्याला गर्दी, मग एकाचा हातमोजा सापडेना, मग फोटो, निघायला साडेनऊ. तारेवर पुढे एक मोठा ग्रुप होता, त्यांना ओलांडायला जागा नव्हती. साडेबाराला पलीकडच्या कड्यामागून ढग वर आला, आधी कापसासारखा, मग वीस मिनिटांत खालून काळा. माझ्या पुढच्या मैत्रिणीने मागे वळून विचारलं, तुला आवाज येतोय का? तार गुणगुणत होती, खूप बारीक, गांधीलमाशी लांबून यावी तशी, आणि हातावरचे केस उभे राहिले होते. आमच्या नशिबाने वर दहा मीटरवर रुंद कपार होती आणि तिथून वाट पायी होती. कसे चढलो आठवत नाही. तारेपासून शक्य तेवढं लांब गेलो, काठ्या आणि लोखंड बाजूला टाकलं, सॅकवर उकिडवे बसलो, एकमेकांपासून अंतर ठेवून. गारा पडल्या, पहिला कडकडाट धारेवर झाला. पाऊण तासाने थांबलं.

म्हणून ॲप बघा, पण संध्याकाळी हटमधल्या माणसाला विचारा. हवामानाचं पत्रक हटच्या भिंतीवर लावलेलं असतं, आणि ज्याचा अख्खा उन्हाळा तिथेच जातो त्याला कुठल्या बाजूचा ढग वाईट हे पाठ असतं. त्याने बारा सांगितलं तर बाराच. मागे फिरायचं का हा निर्णय तार सुरू होण्याआधी घ्यायचा असतो, कारण बऱ्याच फेराटा एकाच दिशेने चढायच्या आहेत, मध्येच उलटं उतरायचं तर खालून येणारी सगळी माणसं वाटेत. जून आणि जुलैच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट विचारा, उत्तरेकडच्या नाळेत जुना बर्फ आहे का. कडक बर्फाचा तीस मीटरचा उतार साध्या बुटांनी ओलांडणं तारेपेक्षा जास्त धोक्याचं.

हटमध्ये राहणं म्हणजे कसं असतं? बुकिंग लागतं का, काय काय न्यायचं, किती पैसे?

इटालियनमध्ये रिफूजो, जर्मनमध्ये ह्युट्टे. मूळ कल्पना अल्पाइन क्लबांची, ऑस्ट्रियाचा क्लब १८६२ चा, इटलीचा आणि स्वित्झर्लंडचा १८६३ चा. डोंगरात आसरा हवा म्हणून त्यांनी झोपड्या बांधल्या, त्याच वाढत वाढत आताच्या दगडी दुमजली इमारती झाल्या. नुवोलाऊच्या टोकावरची हट १८८३ ची, २५७५ मीटरवर, चारी बाजूंना फक्त हवा. काही हट क्लबच्या, काही खाजगी, क्लबचे सभासद असाल तर क्लबच्या हटमध्ये सवलत मिळते.

साधारण २० जून ते २० सप्टेंबर उघड्या असतात. नावाजलेल्या हटची जुलै-ऑगस्टची जागा वसंतातच संपते, आणि १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सगळ्यांनाच सुट्टी असते, ते दिवस टाळा. येणं रद्द झालं तर कळवा, न चुकता कळवा. तुमच्यासाठी ठेवलेला पलंग रिकामा राहतो आणि कुणीतरी अंधारात पुढच्या हटकडे चालत गेलेलं असतं. शिवाय तुम्ही आला नाहीत तर हटवाले काळजी करतात.

मेत्सा पेन्सिओने, म्हणजे हाफ बोर्ड घ्या: रात्रीचं जेवण, झोपायची जागा, सकाळचा नाश्ता. डॉर्ममध्ये माणशी साधारण ६० ते १०० युरो पडतात, हट कुठे आहे त्यावर. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क नसलं की कार्डाचं मशीन चालत नाही. महाग वाटलं तर एवढं आठवा की बऱ्याच हटना रस्ता नाही, पीठ, गॅस, बटाटे सगळं मालवाहू रोपवेने नाहीतर हेलिकॉप्टरने वर येतं.

रात्रीचं सांगते. आत शिरताच बूट काढून बुटांच्या खोलीत, काठ्याही तिथेच, घरातल्या चपला घालून पुढे. पांघरूण मिळतं पण त्याखाली स्वतःचं स्लीपिंग लायनर हवंच, पातळ कापडी पिशवी, ती नसेल तर तिथे विकत घ्यावी लागते. पाणी पावसाचं आणि बर्फाचं साठवलेलं, डोलोमाइटचा कातळ पाणी धरत नाही, पिऊन टाकतो, वर झरे फारसे नसतात. म्हणून अंघोळ असेल तर टोकन घेऊन दोन-चार मिनिटं गरम पाणी, काही ठिकाणी नाहीच. नळाचं पाणी पिण्याचं आहे का विचारल्याशिवाय पिऊ नका, आणि दुसऱ्या दिवशीचं माणशी दोन लिटर भरूनच निघा. जेवण सगळ्यांना एकाच वेळी, साडेसहा-सातला, अनोळखी लोकांबरोबर लांब टेबलावर. दहाला दिवे बंद. सॅक रात्रीच भरून ठेवा, पहाटे पाचला डॉर्ममध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरचुराट करणाऱ्यावर सगळी खोली चिडते. इअरप्लग न्या.

आणि जेवण उशिरा झालं तरी चालेल पण सूर्य मावळताना बाहेर या. फिका राखाडी कातळ आधी पिवळा, मग नारिंगी, मग गुलाबी होतो, लाडिन भाषेत त्याला खास शब्द आहे, एनरोसादिरा. दहा-बारा मिनिटांत संपतं सगळं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहायची वेळ येते का?

नाही. टोमॅटोचा पास्ता, भाज्यांचं मिनेस्त्रोने सूप, मशरूम किंवा चीज घातलेली मक्याच्या पिठाची पोलेन्ता, जर्मन भाषक भागात काइझरश्मार्न नावाचा फोडून तुकडे केलेला गोड पॅनकेक, पण त्यात अंडं असतं. कानेदेर्ली म्हणजे पावाचे गोळे, त्यात बहुतेक वेळा स्पेक, म्हणजे डुकराचं मांस असतं, पालकाचे किंवा चीजचेही मिळतात, विचारून घ्या. सूपचा रस्सा मांसाचा असू शकतो आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध विरजायचं रेनेट असतं, जे हे पाळतात त्यांनी बुकिंग करतानाच लिहा. "सेन्झा कार्ने" म्हणजे मांसाशिवाय. आयत्या वेळी ताटावर बसून सांगितलं तर स्वयंपाकघराची पंचाईत होते.

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे म्युनिकला येतायत. बाबा ६६, आईचे गुडघे दुखतात. चढणं नको, पण डोंगरातल्या हटमध्ये एक रात्र त्यांना दाखवायची खूप इच्छा आहे.

नक्की न्या. लागाझुओईची हट २७५२ मीटरवर आहे आणि फाल्झारेगो खिंडीतून केबल कारने वर पोचता, तिथून हट अगदी जवळ. केबल कारची शेवटची फेरी दुपारीच असते, ती गाठा. नाहीतर आवरोन्झो हट, २३२० मीटर, तिथपर्यंत टोलचा रस्ता जातो, गाडीसाठी आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. तिथून लोकातेल्ली हटकडची वाट रुंद आहे, आईंना झेपेल तेवढंच चालून परत फिरा, त्रे चीमेचे कडे पहिल्या अर्ध्या तासातच डोक्यावर येतात. खोली वेगळी मागा, डॉर्मचे वरचे पलंग शिडीचे असतात. बाबांना बीपी किंवा हृदयाची गोळी सुरू असेल तर एवढ्या उंचीवर झोपण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, डोकं जड होतं, पाणी जास्त प्यायला द्या. आणि गरम कपडे, ऑगस्टमध्येही पहाटे गोठतं.

मुलगा नऊ वर्षांचा, वजन ३१ किलो, खारीसारखा चढतो. सेट घेऊन देऊ?

फक्त सेटवर सोडू नका. चाळीस किलोच्या आत ॲब्सॉर्बरची शिवण नीट उसवत नाही, म्हणजे सगळा धक्का त्या छोट्या शरीराला. मुलाला वरून रोपने बिले (belay) द्यावा लागतो, म्हणजे रोप धरून सांभाळावं लागतं, आणि तो द्यायला शिकलेला माणूस हवा. एक दिवस गाइड घ्या, गुईदा आल्पिना, प्रमाणपत्र असलेला. खर्च होतो पण तुम्हीही बरोबर शिकता.

मध्येच भीती वाटून हातपाय गळाले तर?

होतं. आखूड स्लिंग पायरीला लावा, बसा, श्वास घ्या, मागच्यांना खुंट्यापाशी जागा करून पुढे जाऊ द्या. पाणी प्या, काही गोड खा, अर्ध्या वेळा भीती म्हणजे रिकामं पोट असतं. तरीही जमत नसेल किंवा लागलं असेल तर ११२, सगळ्या युरोपात हाच नंबर. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर म्हणजे हो, मदत हवी. एक वर, एक खाली म्हणजे नको. उगाच दोन्ही हात हलवून टाटा करू नका, ते उतरतात.

वरून कुणी इटालियनमध्ये "सास्सो!" किंवा जर्मनमध्ये "श्टाइन!" ओरडलं तर दगड येतोय. वर बघायचं नाही, कातळाला चिकटून हेल्मेट पुढे. आणि विमा बघा. प्रवासाच्या साध्या विम्यात डोंगरातून उचलून आणणं बऱ्याचदा नसतं, आणि जखम नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल येऊ शकतं. अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात बहुतेक ठिकाणी हा विमा असतो, मला तेच सोयीचं वाटतं.

हटमध्ये एक वही ठेवलेली असते, नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायची. ते कंपल्सरी असतं का? आम्ही नाही लिहिलं.

पुढच्या वेळी लिहा. कुठून आलात, कुठे निघालात, कुठल्या वाटेने, किती जण, शक्य तर फोन नंबर.

मागच्या सप्टेंबरमध्ये एका हटमध्ये होतो. जेवण संपत आलं तरी कोपऱ्यातल्या टेबलावर दोन ताटं पालथीच होती. हट चालवणारा म्हातारा आधी दोनदा बाहेर जाऊन आला, मग त्याने फोन लावला ते दोघं आदल्या रात्री जिथे होते त्या हटला. तिकडच्यांनी वही उघडून सांगितलं, सकाळी सातला निघालेत, तारेच्या वाटेने, खालच्या नाही. म्हणजे कुठे शोधायचं ते कळलं. त्याचा मुलगा आणि गाइड असलेला एक पाहुणा टॉर्च, दोर, थर्मास घेऊन निघाले. आम्ही कुणीच झोपायला गेलो नाही, दहा वाजून गेले तरी त्या रात्री कुणी दिवे बंद केले नाहीत. पावणेअकराला खाली घसाऱ्यात चार दिवे दिसले. दोघांतल्या एकाचा घोटा सुजला होता, बाकी काही नाही. आल्या आल्या त्यांच्यापुढे सूप ठेवलं, गरम होतं, म्हाताऱ्याने ते साडेसातपासून चुलीच्या कडेला ठेवलं होतं.